खुले पत्र: लष्करी विमानतळांचे जुने बंब घेताना किलोमीटर पाहू नका

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत 18 मे 2025 रोजी 8 जणांचा जीव गेला. सोलापूरला आणखी बंब हवेत, यात दुमत नाही. पण लष्करी विमानतळांवरून मोडीत निघालेले क्रॅश फायर टेंडर, म्हणजे विमानाची आग विझवणारे खास बंब, स्वस्तात मिळतात म्हणून ते कुणाच्या गळ्यात मारू नयेत.

हे बंब दोन-तीन मिनिटांच्या कामासाठी बांधलेले असतात. अमेरिकी सैन्याचा ऑशकॉश पी-19 घ्या. टाकीत सुमारे 3,800 लिटर पाणी आणि छतावरचा मॉनिटर (पाण्याची तोफ) मिनिटाला 1,900 लिटर फेकणारा, म्हणजे दोन मिनिटांत टाकी रिकामी. धावपट्टीवर ते योग्यच आहे. आपल्याकडे सुताचे गठ्ठे आतून धुमसत राहतात आणि बंबाला एका जागी उभे राहून तासन् तास पाणी मारावे लागते. उभ्या गाडीला वारा नाही, उडणारे तंतू रेडिएटरच्या जाळीत बसतात, वर 42-43 अंशांचा उन्हाळा. कुलंटऐवजी बोअरचे जड पाणी ओतलेले असेल, तर आतून क्षार धरलेलेच असतात.

मीटरवर किलोमीटर कमी, ही तर जाहिरातच असते. आमच्या मते तीच काळजीची गोष्ट. गाडी वर्षानुवर्षे स्टेशनात उभी; रोज सकाळी पाच-दहा मिनिटे इंजिन चालू, लगेच बंद. इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेले डिझेल उतरते. रबराचे वय तर मीटरवर दिसतच नाही. ब्रेक चेंबरचे डायफ्राम, व्हॉल्व्हच्या सील, एअरच्या नळ्या कडक होतात आणि रात्रीत हवा गळून जाते. विमानतळावर बाहेरून हवेची लाइन आणि बॅटरी चार्जर कायम जोडलेले असतात, त्यामुळे तिथे हे दुखणे झाकलेले राहते. इथे कॉल आला की स्प्रिंग ब्रेक (हवेचा दाब नसला की आपोआप लागणारे) जखडलेले; टाक्यांत पाच-सहा बार दाब भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. टायरवरचा चार अंकी आकडाही वाचावा: 0914 म्हणजे टायर 2014 च्या नवव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही कोरी दिसो.

सर्वांत महागडे दुखणे पॉवर डिव्हायडरचे. गाडी चालत असतानाच पंपही फिरावा म्हणून इंजिनाची ताकद दोन्हीकडे वाटणारा हा गिअरबॉक्स. त्याच्या क्लचप्लेटा घसरू लागल्या की मॉनिटर उघडताच दाब कोसळतो. याचे भाग बाजारात सहज मिळत नाहीत. लेथवर बनवून घेता येतात, पण तोवर गाडी उभी.

तेलाच्या आगीवर मारायच्या फोमच्या (फेसाच्या) लाइनमध्ये वाळलेला फोम बसून प्रमाण ठरवणारा व्हॉल्व्ह जाम होतो. पाण्यात 6 टक्के मिसळायचा फोम 3 टक्क्यांच्या सेटिंगवर चालवला तर आग दबत नाही. जुन्या फोममधील पीएफओएस या घातक रसायनावर 2009 पासून आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने निर्बंध आहेत. टाकी धुतली तरी त्याचा अंश उरतो, आणि ते धुवण गटारात सोडू नये.

महापालिकेपुरता प्रश्न बराचसा मिटलेला आहे. 1 एप्रिल 2023 पासूनच्या केंद्रीय नियमानुसार 15 वर्षांवरील सरकारी व पालिकांच्या वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. सवलत आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष वाहनांना. म्हणजे लष्करात चालणारी गाडी पालिकेत आली की ती सवलत संपते. उरतात खासगी कारखाने आणि भाड्याने बंब देणारे ठेकेदार. त्यांना अग्निशमनाची मान्यता देताना चाचणी सक्तीची करा. कोरड्या पंपात पाऱ्याच्या मापाने 22 इंच निर्वात ओढून पाच मिनिटांत 10 इंचांहून अधिक घट नको. मग पूर्ण क्षमतेवर 20 मिनिटे, 70 टक्क्यांवर 10 आणि 50 टक्क्यांवर 10 मिनिटे पंप चालवा. त्यानंतर चार तास उभ्याने पाणी मारून कुलंटचे तापमान नोंदवा. बाहेरची लाइन काढून रात्रभर गाडी ठेवा आणि सकाळी एअरचा दाब पाहा. ही चाचणी विक्रेत्याच्या आवारात नको. सोलापुरात, एप्रिल-मेच्या दुपारी घ्या.

आपले,
अग्निशमन वाहनांच्या देखभालीचे काम करणारे सोलापूरकर