घरच्यांनी काय करायचं?

सोलापूर,
१० डिसेंबर

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "असल्या माणसांनी लग्नंच करू नयेत. स्वतः जाऊन बसतात तुरुंगात, पण घरच्यांनी कुणाचं काय घोडं मारलेलं असतं?" मी तुला तुरुंगात गेलेले चिनी लेखक लिऊ शियाओबो यांच्या बायकोबद्दल, लिऊ शियाबद्दल, सांगत होते आणि तू मला मध्येच तोडलंस. मग "गॅसवर दूध आहे" म्हणून फोन ठेवलास. दूध नव्हतं हे मला कळलं. दोन रात्री तुझं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. असं बोलायचा तुझ्याइतका अधिकार माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून फोनवर वाद घालण्यापेक्षा लिहायला बसले.

काल ९ डिसेंबर, डॉ. कोटणीसांचा स्मृतिदिन. नेहमीप्रमाणे स्मारकात जाऊन आले. लहानपणी शाळेतून रांगेने जायचो, आठवतं? पाच डॉक्टरांच्या पथकातून १९३८ साली चीनला गेलेला आपल्या गावचा मुलगा, १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी तिकडेच वारला. बायको चिनी, मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. त्यामुळे चीन मला कधी परका वाटला नाही. तिथल्या माणसांविषयी माझ्या मनात माया आहे, आणि म्हणूनच तिथलं सरकार आपल्याच माणसांना कसं वागवतं हे वाचलं की जीव तुटतो. तारखा बघ कशा लागून आल्यात. लिऊ शियाओबो यांना बीजिंगच्या घरातून नेलं ते ८ डिसेंबर २००८ च्या रात्री. लोकशाही मागणाऱ्या ज्या सनदेसाठी, "सनद ०८"साठी, नेलं ती जगासमोर आली १० डिसेंबरला. आणि दोन वर्षांनी पुन्हा १० डिसेंबरलाच ऑस्लोमध्ये त्यांच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवून शांततेचं नोबेल दिलं गेलं. डिसेंबर आला की मला हे सगळं एकदम आठवतं.

हा माणूस साहित्याचा प्राध्यापक. १९८९ च्या वसंतात तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होता, सुखात होता. बीजिंगच्या तिआनमेन चौकात लोकशाही मागायला मुलं जमली म्हणून तो परत आला. ४ जूनच्या पहाटे चौकाभोवती रणगाडे असताना तो आणि त्याचे तीन मित्र मध्ये पडले, सैन्याशी बोलले, म्हणून चौकात उरलेली मुलं जिवंत बाहेर पडू शकली. बाहेरच्या रस्त्यांवर तोवर माणसं मेलेली होती. दोन दिवसांनी त्याला अटक झाली. पुढे आत-बाहेर चालूच राहिलं. २००८ च्या सनदेवर पहिल्या सह्या होत्या ३०३. मागण्या अशा, की आपल्याला वाटावं यात काय विशेष: स्वतंत्र न्यायालयं, बोलण्याचं स्वातंत्र्य, एकाच पक्षाच्या हाती सगळी सत्ता नको. बोलण्याचं स्वातंत्र्य तर चीनच्या राज्यघटनेच्या ३५व्या कलमात लिहिलेलंच आहे. खटला तीन तासांच्या आत आटोपला. पुरावा म्हणजे ती सनद आणि सहा लेख. कोणता लेख इंटरनेटवर किती वेळा उघडला गेला तेही निकालपत्रात मोजून लिहिलं होतं. "राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी" या गुन्ह्याखाली २५ डिसेंबर २००९ ला शिक्षा झाली, ११ वर्षं. कोर्टात वाचायला त्याने जे निवेदन लिहून नेलं होतं त्यात म्हटलंय, माझा कुणी शत्रू नाही. त्याच निवेदनात बायकोबद्दल जे आहे ते मला पाठ झालंय: माझा भुगा केला तरी त्या राखेने मी तुला कवेत घेईन.

आणि ती बायको त्या वेळी कोर्टाबाहेर. तिला आत सोडलं नाही.

तू म्हणतेस लग्न करू नये. अगं, तिने लग्न केलं ते तो श्रमछावणीत असताना, १९९६ साली. छावणीच्या खाणावळीत दोघं जेवले, तीच पंगत. पदरात काय पडणार आहे हे लग्नाच्या दिवशीच तिच्या डोळ्यांसमोर होतं. दर महिन्याला ती बीजिंगहून दालिअनला त्याला भेटायला जायची, पुस्तकं घेऊन. राजकारणात तिला काडीचाही रस नव्हता. ती कविता करायची, चित्रं काढायची, बाहुल्यांचे काळेपांढरे फोटो काढायची. त्या बाहुल्यांचे चेहरे किंचाळल्यासारखे. एकदा बघितले की विसरता येत नाहीत.

ऑक्टोबर २०१० ला नवऱ्याला नोबेल जाहीर झालं आणि तिच्या दारात पहारा बसला. तिच्यावर ना खटला, ना आरोप, ना शिक्षा. फोन बंद, इंटरनेट बंद. आठवड्यातून एकदा भाजी-किराणा आणि आईवडिलांची भेट, तीही पहाऱ्यात. असं किती दिवस? जवळजवळ आठ वर्षं. डिसेंबर २०१२ मध्ये पहारेकरी जेवायला गेल्याची वेळ साधून असोसिएटेड प्रेसचे बातमीदार थेट तिच्या दाराशी पोचले. अंगात ट्रॅकसूट, पायात सपाता. आपल्या दारात बाहेरचं माणूस उभं आहे यावर तिचा विश्वास बसेना. थरथरत होती, रडत होती. बक्षिसाचे परिणाम भोगायची मनाची तयारी केली होती, पण घराबाहेरच पडता येणार नाही असं कधी वाटलं नव्हतं, असं ती त्यांना म्हणाली.

पुढच्या वर्षी तिच्या भावाला फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. ती किती, तर ११ वर्षं. मेहुण्याइतकीच. मला यात योगायोग दिसत नाही.

२०१७ च्या मे महिन्यात लिऊंना यकृताचा कर्करोग निघाला, शेवटच्या टप्प्यातला. शेनयांगच्या इस्पितळात नेलं, पण कैदी म्हणूनच. जर्मनी आणि अमेरिकेचे डॉक्टर येऊन तपासून गेले, परदेशी नेता येईल म्हणाले. नेऊ दिलं नाही. १३ जुलैला तो गेला, ६१ वर्षांचा. १५ तारखेला रक्षा दालिअनजवळ समुद्रात सोडली. कुठे फूल ठेवावं अशी जागाच राहिली नाही. इंटरनेटवर लोक मेणबत्तीचं चित्र टाकायला लागले तर तेही चित्र बंद केलं! मेणबत्तीची भीती वाटणारं सरकार, शैला.

पुढचं वर्ष लिऊ शियाने कसं काढलं असेल कोण जाणे. एका मित्राशी फोनवर बोलताना ती रडली होती, जगण्यापेक्षा मरणं सोपं म्हणाली होती. मग १० जुलै २०१८ ला तिला जर्मनीला जाऊ दिलं. वाटेत हेलसिंकीच्या विमानतळावरचा तिचा फोटो मी कापून ठेवलाय. बारीक कापलेले केस, मोठा चष्मा, दोन्ही हात पसरलेले, आणि तोंडभर हसू. भाऊ मात्र मागेच राहिला होता. त्यामुळे बर्लिनला पोचल्यावरही तिला मोकळेपणाने तोंड उघडता येईना. माणूस सोडायचा आणि त्याचं कुणीतरी मागे ठेवून घ्यायचं, ही तिथली रीत.

तिथल्या लोकांच्या बोलण्यात यासाठी नेहमीचे शब्दच तयार झालेत. पोलिसांनी "चहाला बोलावलं" म्हणजे चौकशीला बोलावलं, असं समजायचं. ४ जून ही तारीख लिहिता येत नाही, म्हणून "३५ मे" म्हणायचं. आणि एक गुन्हा आहे, "भांडण उकरून काढणे आणि गोंधळ माजवणे". त्यात काहीही बसतं. झांग झान नावाची वकील बाई २०२० साली वुहानला जाऊन तिथल्या इस्पितळांचे, रस्त्यांचे व्हिडिओ टाकत होती. तिला याच कलमाखाली चार वर्षं. तिने तुरुंगात अन्न सोडलं तर नाकातून नळी घालून भरवलं. २०२४ मध्ये सुटली, तीन महिन्यांत पुन्हा धरली आणि २०२५ मध्ये पुन्हा तेवढीच शिक्षा.

पण घरच्यांचं विचारत होतीस, तर ली वेनझूचं सांगते. तिचा नवरा वांग च्युआनझांग वकील. २०१५ च्या जुलैत तीनशेच्या वर वकील आणि कार्यकर्त्यांची धरपकड झाली, त्यातच ऑगस्टमध्ये त्यालाही नेलं. तीन वर्षं जिवंत आहे की नाही कळेना. वकील नेमला की वकिलावरच दबाव. घरात लहान मुलगा. एप्रिल २०१८ मध्ये ती बीजिंगहून तिआनजिनला पायी निघाली, शंभरावर किलोमीटर, नवरा कुठे आहे एवढंच विचारायला. त्याच डिसेंबरात तिने आणि तशाच आणखी तिघींनी डोक्यावरून वस्तरा फिरवून घेतला. चिनीत केसाला आणि कायद्याला जवळजवळ एकच शब्द, "फा", फक्त सूर वेगळा. आम्ही बिनकेसांच्या राहू, पण देश बिनकायद्याचा राहता कामा नये, असं त्या म्हणाल्या. कापलेले केस घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या, पण त्यांना आत घेतलं नाही. तुझ्या पणजीचा तो लाल आलवणातला फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला. आपल्याकडे बाईच्या डोक्याला वस्तरा कधी लागायचा ते तुला सांगायला नको. या बायकांनी तो नवरे जिवंत असताना, ते जिवंत परत मिळावेत म्हणून लावून घेतला. चार वर्षांनी तिला तुरुंगात भेट मिळाली तेव्हा समोर बसलेला नवरा तिला लाकडाच्या बाहुल्यासारखा वाटला.

तो सुटून आला तरी संपलं नाही. घरमालक घर रिकामं करायला सांगतात, वीज तोडतात, पाणी तोडतात. मुलाला शाळेत घेतलं की थोड्याच दिवसांत शाळा त्याला काढून टाकते. पोलीस घरमालकाशी आणि शाळेशी बोलून जातात. घर रिकामं करा हे सांगतो घरमालक. उद्यापासून मुलाला पाठवू नका हे सांगतात मुख्याध्यापक.

मला जे म्हणायचंय ते इथे आहे. लिऊ शियाचे हाल लिऊ शियाओबोने केले नाहीत. त्याने लेख लिहिले. तिच्या दारात पहारा ज्यांनी बसवला त्यांनी तिचे हाल केले, आणि मुद्दाम केले. जो माणूस मारून, कोंडून बधत नाही तो बायकोपोरांपाशी बधेल, असा त्यांचा हिशोब. "घरच्यांचा विचार करायला नको का" हे तू मायेने म्हणतेस. तिथे चहाला बोलावणारा अधिकारीही नेमकं हेच विचारतो, शैला.

वुहानचे ते डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलिआंग आठवत असतील. त्यांनी काही सरकारवर टीका केली नव्हती, डॉक्टर मित्रांना सावध राहा म्हणून निरोप पाठवला होता. पोलिसांनी एक कागद पुढे केला. यापुढे असं करणं थांबवू शकाल का? खाली त्यांच्या हातचं, "शकेन". समजलं का? "समजलं". त्यावर लाल अंगठे. त्यांच्याही घरी बायको होती, मुलगा होता, दुसरं बाळ पोटात होतं. त्यांनी घरच्यांचाच विचार केला असेल. ७ फेब्रुवारी २०२० ला ते त्याच आजाराने, करोनाने, गेले. बाळ जूनमध्ये जन्मलं.

आता अण्णांबद्दल. तुला वडिलांचा, अण्णांचा राग आहे, हे मला चाळीसपन्नास वर्षं माहीत आहे. आणीबाणीत त्यांना मिसाखाली, खटल्याशिवाय डांबणाऱ्या त्या कायद्याखाली, नेलं तेव्हा आपण पाचवीत होतो. पहाटे वाड्याच्या दारात जीप, आणि माई अण्णांची पिशवी भरताना सारखी एकच बनियन घडी घालत होत्या, मोडत होत्या. मी जिन्यातून बघत होते. चीनशी आपली बरोबरी नाही, आणीबाणी २१ महिन्यांत उठली, लोकांनी मत देऊन उठवली, अण्णा घरी आले. तिथल्या बायकांना असं मत द्यायला कधी मिळालेलंच नाही. पण ते दीड वर्ष तुझ्या घराने कसं काढलं, ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय.

आणि एक गोष्ट तुला मी आजवर सांगितली नाही. तू रोज संध्याकाळी खालून हाक मारायचीस आणि मी पोटात दुखतंय म्हणून सांगायचे. माझ्या पोटात दुखत नव्हतं. आईने बजावलं होतं, "शैलाकडे पाऊल टाकायचं नाही, बाबांची सरकारी नोकरी आहे." आम्हाला कुणी पोलीस सांगायला आले नव्हते. आईने आपल्या मनानेच ठरवलं आणि मी ऐकलं. माई एकट्या पाण्याच्या कळश्या वर नेत होत्या आणि आमचं दार लावलेलं असायचं. अण्णा सुटून आले त्या दिवशी आई साखर घेऊन तुमच्याकडे गेली. माईंनी ती हसून घेतली. त्या काहीच बोलल्या नाहीत, ते मला अजून बोचतं.

त्या मुलाला शाळेतून काढलं हे वाचलं तेव्हा मला आधी तू आठवलीस, मग माझी पोटदुखी.

अण्णांवर तू रागाव, तो तुझा हक्क आहे. पण त्या रागात आमचाही वाटा आहे, तो आम्हाला दे.

माईंनी येरवड्याहून आलेली अण्णांची कार्डं बिस्किटांच्या चौकोनी डब्यात ठेवली होती. प्रत्येकावर तपासल्याचा शिक्का. तू ती कधी वाचली नाहीस म्हणालीस. मी संक्रांतीला नाशिकला येतेय, तिकीट काढलंय. डबा माळ्यावरून काढून ठेव, जिना मात्र स्वतः चढू नकोस, कुणाला तरी सांग. तिळगूळ मी घेऊन येते. आपण दोघी बसून वाचू.

तुझी,
नलू