बॅकलाइनचे दुखणे विंगरच्या पायांत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जिल्ह्याच्या मुलांच्या रग्बी संघाच्या पराभवाचा वृत्तान्त आपल्या क्रीडापानावर वाचला. ग्रामीण भागात रुजू पाहणाऱ्या या खेळाला आपण एवढी जागा दिलीत, याबद्दल मनापासून आभार. मात्र विंगरना (अगदी कडेला धावणाऱ्यांना) वेग नसल्यामुळे बॅकलाइनला (मागे रुंदीभर पसरून पास देत हल्ला करणाऱ्या फळीला) संधी निर्माण करता आल्या नाहीत, हे त्यातील निदान मला पटले नाही. तो सामना मी पूर्ण पाहिला आहे आणि क्रीडाशिक्षक या नात्याने संघातील काही मुलांना शाळेपासून ओळखतो. आमचे दोन्ही विंगर शंभर मीटरच्या शर्यतीत तालुक्यात कोणाला हार जात नाहीत. त्या दिवशी त्यांच्या हाती चेंडू आला तेव्हा प्रत्येक वेळी समोर दोन बचावपटू आणि बाजूला हाताच्या अंतरावर टचलाइन (मैदानाची कडेची रेषा) होती. धावायला जागाच नसेल तर वेग दाखवायचा कुठे?

पाणी मुरते ते ‘रक’मध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही संघ एकमेकांना रेटतात त्या झोंबाझोंबीत. टॅकल झालेल्या (पकडून पाडलेल्या) मुलाने पडताच हात लांब करून चेंडू आपल्या बाजूला ठेवायचा असतो आणि मागून आलेल्या दोन साथीदारांनी त्याच्यावरून पुढे जात प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायचे असते. हे दोन-तीन सेकंदांत झाले तर बचावाची फळी अजून जागेवर लागलेली नसते. आमची मुले पडल्यावर चेंडू पोटाशी घेऊन आखडतात. यात त्यांचा दोष थोडाच आहे, कारण ज्या मुरमाड मैदानावर ती सराव करतात तिथे पडले की कोपर सोलून निघते आणि अंग आपोआप आवळले जाते. मदतीला येणारेही याच धास्तीने अर्धे पाऊल उशिरा पोहोचतात. त्यात आमचा स्क्रम-हाफ (रकमधून चेंडू काढून देणारा) चेंडू उचलून उभा राहतो, मान वर करून पाहतो, दोन पावले बाजूला टाकतो आणि मग पास देतो. नियम असा की रक चालू असेपर्यंत बचावपटूंना त्यांच्या शेवटच्या खेळाडूच्या पायामागे थांबावे लागते. चेंडू उचलला गेला की ते बंधन संपते. म्हणजे आमच्या मुलाने टाकलेली ती दोन पावले समोरच्या फळीला फुकटात पुढे येऊ देतात. फ्लाय-हाफच्या (तो पास घेऊन हल्ला चालवणाऱ्याच्या) हाती चेंडू आणि त्याच्या अंगावर टॅकलर एकाच क्षणी येऊन पोहोचतात, ते यामुळेच.

दुसरे कारण आपल्या मातीतले आहे. आमची बहुतेक मुले कबड्डी खेळून रग्बीकडे आली आहेत. अंगाला अंग भिडवायची भीती त्यांना नाही, पकड पक्की आहे, आणि बचावात त्याचा उपयोगही झाला. पण चढाई करणारा एकटा जातो आणि आडवा फिरत फट शोधतो. तीच सवय आमचे सेंटर (फ्लाय-हाफ आणि विंगर यांच्यामधले दोघे) घेऊन आले आहेत. चेंडू मिळाला की ते तिरके टचलाइनकडे धावतात आणि समोरचा बचावपटू त्यांच्याबरोबर निवांत सरकत राहतो. मैदानाची रुंदी जास्तीत जास्त सत्तर मीटर. पहिल्या दोघांनी तिरके धावून त्यातली निम्मी खाल्ली, तर विंगरच्या वाट्याला उरणार काय? सेंटरने सरळ बचावपटूच्या खांद्यावर धावून जावे, त्याला पाय रोवायला लावावे आणि तो टॅकलसाठी वाकत असताना चेंडू सोडावा, तेव्हाच पुढच्या मुलासमोर वाट मोकळी होते. यासाठी दोन्ही बाजूंना सारखा पास देता यायला हवा. आमच्याकडची उजव्या हाताची मुले डावीकडे छान पास देतात, मात्र उजवीकडे देताना सगळे अंग वळवतात. प्रतिस्पर्ध्यांनी हे पूर्वार्धातच ओळखले होते आणि उत्तरार्धात त्यांनी आपला भार सरळ एका बाजूला टाकला.

लाइनआउटबद्दल (चेंडू कडेबाहेर गेल्यावर तो दोन संघांच्या समोरासमोरच्या ओळींमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करतात, त्याबद्दल) लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथे होत आहे. लाइनआउटच्या वेळी दोन्ही बॅकलाइन दहा-दहा मीटर मागे असतात, म्हणजे मध्ये वीस मीटर मोकळे रान आणि बहुतेक फॉरवर्ड (पुढे राहून रेटारेटी करणारे खेळाडू) एका ओळीत अडकलेले. हल्ल्यासाठी याहून चांगली संधी सामन्यात क्वचित मिळते. आम्ही मात्र चुकू नये म्हणून चेंडू दर वेळी पहिल्याच उडी मारणाऱ्याकडे फेकतो. त्यामुळे ओळीच्या शेवटी उभे असलेले प्रतिस्पर्धी मोकळे राहतात आणि थेट फ्लाय-हाफवर धावतात. ओळीच्या मागच्या टोकाला फेक करण्यात धोका आहे हे मान्य, पण चार फेकींतली एक तरी तिकडे गेली पाहिजे.

2019 च्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना या बाबतीत पाहण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला 32-12 असे हरवले. मापिम्पी आणि कोल्बे या दोन्ही विंगरनी ट्राय केल्या (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला), पण त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत. त्याआधी तासाभराहून अधिक काळ त्यांच्या फॉरवर्डनी स्क्रममध्ये (दोन्ही संघांच्या फॉरवर्डनी एकमेकांना घट्ट भिडून ढकलण्यात) इंग्लंडला मागे रेटले होते आणि त्यांचा फ्लाय-हाफ पोलार्ड पेनल्टी किकचे तीन-तीन गुण जमवत होता. मापिम्पीची ट्राय तर त्याने स्वतः पुढे आलेल्या बचावाच्या डोक्यावरून मारलेल्या छोट्या किकमधून आली; तो चेंडू सेंटर लुखान्यो आम याने पकडून त्याला परत दिला. आमच्या संघाने साऱ्या सामन्यात अशी एकही किक मारली नाही. समोरची फळी बेधडक पुढे येत राहिली, कारण मागे वळायची वेळ तिच्यावर कोणी आणलीच नाही.

संघाच्या प्रशिक्षकांना आणि जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांना आपल्या माध्यमातून विनंती आहे की, पुढील निवड चाचणीत केवळ शंभर मीटरची वेळ पाहून बॅक निवडू नयेत. आपले दोघे आणि समोर एकच बचावपटू अशा स्थितीत मुलगा बचावपटूला अडकवून पास देतो का आणि तो दोन्ही बाजूंना देतो का, हे पाहावे. पडून चेंडू ठेवण्याचा सराव काही दिवस गावच्या कुस्तीच्या आखाड्यात घ्यावा. तिथली भुसभुशीत लाल माती अंगाला लागत नाही आणि पडण्याची धास्ती निघून जाते. आमच्या तालुक्यातील दोन-तीन गावांत आखाडे सुस्थितीत आहेत, आणि वस्ताद मंडळींना विचारले तर ती सकाळची वेळ आनंदाने देतील अशी माझी खात्री आहे.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ