‘केन’ नव्हे, वेत

संपादक महोदय,

घरसजावटीच्या पुरवण्यांत आणि दुकानांच्या पाट्यांवर हल्ली सरसकट ‘केन’ लिहितात. इंग्रजीला ऊस, वेत, मास्तरांची छडी, आजोबांची काठी या सगळ्यांना एक शब्द पुरतो. मराठीत प्रत्येकाला वेगळे नाव आहे. ‘केन’ म्हणून घेतलेली खुर्ची मग बांबूची निघते, कधी चक्क प्लास्टिकची.

ऊस आणि बांबू गवताच्या कुळातले. वेत हा नारळ-सुपारीचा भाऊबंद, पण काटेरी आणि दुसऱ्या झाडांवर चढणारा. बांबू बहुधा पोकळ. वेत भरीव, म्हणून वाफ देऊन वाकवता येतो. वेताच्या आखूड तुकड्याचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्यातून फुंकर मारा, बुडबुडे येतात. इतकी बारीक छिद्रे त्यात आरपार असतात. खुर्चीची जाळी वेताच्या सालीच्या पट्ट्यांनी विणतात. तिची परीक्षा त्याहून सोपी: खरी साल पुढून चकाकते, मागून खरबरीत लागते.

पेठांतल्या जुन्या घरांत वेताच्या जाळीच्या खुर्च्या अजून माळ्यावर आहेत. जाळी फाटली की लोक वर प्लायवूड ठोकतात. चौकटीला भोके असतील तर ती पुन्हा विणता येते. साल अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी. फार वेळ राहिली तर काळपट पडते, कोरडीच ओढली तर तडकते. आधी उभे पदर, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, मग आडवे खाली-वर गुंफत, शेवटी दोन तिरपे. हात चुकतो तो तिरप्यांत. ते उभ्या-आडव्या जोड्यांच्या कोपऱ्यातल्या फटीत अलगद सरकले पाहिजेत. उलट बाजूने घातले तर पदर एकमेकांवर घासून तुटतात. फार ताणूही नये, वाळताना साल आपोआप आवळते.

नुसता झोळ आला असेल तर विणायचीही गरज नाही. खालच्या, न चकाकणाऱ्या बाजूला गरम पाण्यात पिळलेले फडके लावावे आणि रात्रभर वाळू द्यावे. तोवर कोणी बसायचे नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पुण्यात वेत ठिसूळ होतो, तेव्हा अधूनमधून ओले फडके फिरवलेले बरे.

शब्दांची ही गल्लत बातम्यांतही होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू २०१७च्या दुरुस्तीने वगळला गेला. त्या दुरुस्तीने वेताला हात लावलेला नाही, तो ‘झाड’ या व्याख्येत अजून आहे. तेव्हा वेताच्या बातमीत ‘बांबू’ छापले, तर कायद्याचा अर्थच उलटा होतो.

– एक वाचक, पुणे