गाडी पाहून आलो, बायो

दापोली

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

काल गुरुजी विकतायत ती गाडी पाहून आलो, जुन्या छोट्या बसची आत राहता येईल अशी केलेली कॅरॅव्हान. घेण्यासारखी आहे, पण ते मागतायत त्या साडेपाच लाखांना नाही, आणि आत्ताच्या कागदांवर तर मुळीच नाही. तू घाईने टोकन देऊन बसशील याची भीती वाटली, म्हणून फोनवर थोडक्यात न सांगता सगळं लिहून पाठवतोय.

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि दहाच्या आत गुरुजींच्या वाडीत पोचलो. मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका असं त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं. बोनेटवर हात ठेवला, गार होतं. दुसऱ्या सेल्फला चालू झालं, पांढरा धूर मिनिटभरात गेला, ऑइलचं झाकण काढलं तरी वाफारा फार नव्हता. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे इंजिनाची मला धास्ती नाही. त्याला किती पैसा लागेल ते आधी सांगता येतं. गंजाला किती लागेल ते पत्रा उघडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून गोणपाट टाकून खाली शिरलो. चेसिसवर हातोडीने ठोकत गेलो. मुख्य दोन्ही पट्ट्या ठणठणीत वाजल्या. पण मागच्या चाकाच्या पुढे, जिथे बॉडी आडव्या सपोर्टवर बसते, तिथे आवाज बसका आला आणि हातोडीबरोबर गंजाचे पापुद्रे माझ्या छातीवर पडले. डाव्या चाकाच्या कमानीला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लावून पाहिलं. वीतभर जागेत ते चिकटतच नाही. तिथे पत्रा उरलेला नाही, नुसती लांबी (पुटी) भरून वर रंग मारलाय. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आणि गाडी चार पावसाळे माडाखाली उभी, दुसरं काय होणार?

आता मुख्य गोष्ट. शिमग्याच्या दिवसांत सगळं कोरडं असतं, या दिवसांत गळती दिसत नाही. गुरुजींना विचारून बागेचा पाइप घेतला आणि छतावर वीस मिनिटं पाणी सोडलं. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग छतातल्या हवेच्या झडपेच्या कोपऱ्यात प्लायवर रुपयाएवढा ओला डाग उमटला आणि बघता बघता पलंगाच्या कडेपर्यंत उतरला. खालची गादी उचलली तर जमिनीच्या प्लायमध्ये स्क्रू ड्रायव्हर मऊ केळ्यात शिरावा तसा शिरला. गुरुजी माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. त्यांना खरंच माहीत नव्हतं असं मला वाटलं.

टायरची नक्षी नव्यासारखी आहे, पण बाजूवर 1417 असा आकडा आहे, म्हणजे 2017 च्या चौदाव्या आठवड्यातले. कडांना बारीक चिरा पडल्यात. सगळे बदलावे लागतील.

कागदांचं नीट वाच. नोंदणी 2011 ची, खासगी. म्हणजे 15 वर्षं भरतायत. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यावी लागेल, वर पर्यावरण कर आहे, आणि पुढे दर 5 वर्षांनी पुन्हा तेच. त्यातून आरसी बुकात ती अजून 12 अधिक 1 आसनांची बस आहे! आत दोन पलंग, ओटा, मोरी, आणि नोंद कशाचीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. निरीक्षकाने पासिंग नाकारलं तर गाडी तुझ्या दारात उभी राहील, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. एजंटच्या नादी न लागता आरटीओत जाऊन स्वतः विचार. ही नोंद गुरुजींनी त्यांच्या नावावर गाडी असतानाच करून द्यावी, मगच गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या. नाव बदललं की 14 दिवसांत विमाही तुझ्या नावावर करून घे.

गाडीवर बोजा, म्हणजे फेडायचं राहिलेलं कर्ज, आहे का तेही बघ. 1998 साली मी घेतलेल्या मॅटाडोरवर बोजा होता. तो मला कळला आठ महिन्यांनी, वसुलीवाले दारात आल्यावर. तुला आठवत नसेल, पण आईच्या पाटल्या तेव्हा गेल्या त्या परत झाल्या नाहीत. माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

माझ्या हिशेबाने पावणेचार लाखांच्या वर जाऊ नकोस. घेतलीस तर आधी छत, मग खालचे सपोर्ट आणि जमीन, मग वायरिंग. रंग आणि गाद्या सगळ्यात शेवटी. गॅसची नळी नवीन टाक आणि सिलिंडरच्या कप्प्याला अगदी तळाशी बाहेर उघडणारी जाळी ठेव. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. जमीन उघडशील तेव्हा फोटो काढून ठेव. उद्या तुला विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला नव्या रंगापेक्षा त्या फोटोंनी भरवसा वाटेल.

गाडी आणताना फेरीबोटीवर घालू नकोस. मागचा भाग लांब आहे, ओहोटीला रॅम्पवर घासेल. चिपळूणवरून फिरून आण.

गुरुजींकडे एक वही आहे. पहिल्या दिवसापासूनचं डिझेल, ऑइल, किलोमीटर आणि मुक्कामाची गावं, सगळं त्यांच्या बायकोच्या अक्षरात. ती गेल्यापासून एकही नोंद नाही. आपल्याला इंजिनाचा इतिहास हवा, त्यांना वही हवी. तू येशील तेव्हा प्रत्येक पानाचा फोटो घे आणि वही त्यांच्याकडेच राहू दे. मी तसं त्यांना सांगून आलोय.

तुझे
बाबा