'आधी तपासून घेऊ' म्हणणाऱ्या आशाताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंय, म्हणून आमच्या गावच्या आशा सेविका, नुसतं 'ताई'. गावात ज्याला कळायचं त्याला कळेलच.

सी-बॅकचा, म्हणजे तिशीपुढच्यांना आजारांची लक्षणं विचारायचा, फॉर्म भरायला तुम्ही घरी आलात, तेव्हा आईनं प्रत्येक प्रश्नाला 'तसलं काही नाही बाई' असंच उत्तर दिलं होतं. दादा समोर खाटेवर बसलेला. तुम्ही त्याला 'माझ्या गाडीची हवा बघता का जरा?' म्हणून बाहेर काढलंत, फॉर्म मिटलात आणि तेच प्रश्न पुन्हा विचारलेत. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या माझ्या आईला पुन्हा लाल जात होतं, आणि कुणाला दिसू नये म्हणून ती कपडे पहाटे अंधारात धुवत होती. घरात कुणालाच पत्ता नव्हता. मी तर पुण्यात. रोज फोनवर 'बरी हाय' एवढंच ऐकायचे.

तोवर ती शेजारच्या काकूंना घेऊन एका खाजगी दवाखान्यात गुपचूप जाऊनही आली होती. आतून न तपासताच तिथं 'पिशवी काढून टाकू' असं सांगितलं होतं. पैशाची जुळवाजुळव सुरू होती. आपल्याकडं पिशवी काढणं म्हणजे किडकी दाढ काढल्यासारखं झालंय. तुम्ही तेवढंच म्हणालात, 'पिशवी कुठं पळून जात नाही काकू. आधी तपासून घेऊ.' त्या एका वाक्याची किंमत मला पुढं बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी समजावली. पिशवीच्या तोंडाशी, म्हणजे गर्भाशयमुखाशी, कॅन्सर असताना तो न ओळखता नेहमीचं ऑपरेशन केलं, तर आजार मागं राहू शकतो आणि पुढचे उपचार अवघड होतात.

उपकेंद्रात सीएचओ मॅडमनी, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकारी बाईंनी, तपासलं, मग तपासणीसाठी तुकडा काढला गेला, रिपोर्ट आला, कॅन्सरच निघाला. बार्शीला जायचं ठरलं. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. महात्मा फुले योजनेत केस अडकली होती ती तुम्ही कशी सोडवलीत ते दादालाही नीट सांगता येत नाही. तुम्ही तहसीलमध्ये कुणाशी तरी चांगल्याच भांडलात, एवढं कळलं.

पण खरी कसोटी पुढंच होती. लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, आठवड्यातून पाच दिवस, तीही जवळजवळ पाच आठवडे, जोडीला आठवड्याला एक केमो, आणि मग आतून शेक, म्हणजे तेच किरण आतल्या बाजूनं. नेमकी सोयाबीनची काढणी. दादाला रान सोडता येईना, मला रजा मिळेना. बाईमाणूस अर्ध्यात उपचार सोडून घरी येतं ते अशाच वेळी. तुम्ही बचत गटाच्या बायकांची बैठक घेऊन आईसोबत थांबायचे वार वाटून दिलेत. लाईट कुठं द्यायची त्यासाठी पोटावर केलेल्या निळ्या खुणा साबणानं घासायच्या नाहीत, हे सुद्धा तुम्हीच प्रत्येकीला पढवलंत, कारण आईला अंग घासून आंघोळ केल्याशिवाय चैन पडत नाही.

नंतर बार्शीबद्दल थोडं वाचलं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली तिथंच सुरू झाली. आणि आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्या एचपीव्हीच्या एकदाच केलेल्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला. सगळ्या जगानं त्याचा दाखला दिला. आणि एवढ्या वर्षांनी त्याच जिल्ह्यातल्या माझ्या आईची उभ्या जन्मात एकदाही तपासणी झालेली नव्हती! मला याचा राग येतो. तुम्हाला येत नसेल, कारण तुम्ही रोज अशाच घरांतून फिरता.

२०२४ च्या सुरुवातीला मानधनासाठी आशाताई आझाद मैदानावर बसल्या होत्या, त्यात तुम्हीही होतात. तेव्हा मी बातमी वाचून पुढं सरकले होते. तुम्हाला कामागणिक मोबदला मिळतो म्हणे. रात्री साडेदहाला आईला उलट्या सुरू झाल्यावर तुम्ही फोनवर बार्शीच्या सिस्टरांना गाठलंत, ते काम मोबदल्याच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतं?

आई आता दर तीन महिन्यांनी बार्शीला दाखवून येते. गेल्या वेळचा रिपोर्ट चांगला आहे. शेजारच्या काकूंना तिनंच उपकेंद्रात नेलं, हे तुम्हाला माहीत आहेच. आईच्या जाऊबाई मात्र अजून लाजतात, त्यांच्याशी एकदा तुम्हीच बोला. दादाला गाडीची हवा बघायला पाठवून.

दिवाळीला मी गावी येतेय. माझीही तिशी उलटलीय, मलाही तपासून घ्यायचंय. सीएचओ मॅडमना विचारून वार तेवढा कळवा. आईनं तुमच्यासाठी तिळाच्या शेंगदाण्याच्या चटण्या करून ठेवल्यात, त्याच दिवशी घेऊन येते. 'नको' म्हणायचं नाही.

तुमची,
भूम तालुक्यातली एक लेक