डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आलं म्हणून काचबिंदूचे ड्रॉप बंद करू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या खान्देशात गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं होतात, गाड्या भरून लोकं ऑपरेशनला जातात, चांगलंच आहे. पण काचबिंदू म्हटलं की लोकांना तोही तसाच वाटतो, पिकला की काढून टाकू. तसं नाही हो! मोतीबिंदू काढला की बहुतेकांना परत दिसायला लागतं, काचबिंदूत डोळ्यामागची नसच सुकत जाते आणि गेलेली नजर कोणताच डॉक्टर परत आणून देऊ शकत नाही.

माझे काका रावेरकडचे, केळीवाले. पेपरातलं बारीक अक्षर वाचायचे म्हणून घरात कोणाला शंकाच नाही, पण मळ्यात ड्रिपची नळी पायात अडकायची, बाजूनी आलेली मोटरसायकल अगदी जवळ आल्यावर दिसायची. डोळ्याच्या आतलं प्रेशर निघालं ३२ (हे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात), ड्रॉप टाकून आलं १६, आणि १६ म्हणजे नॉर्मल म्हणून काकांनी ड्रॉपच सोडून दिले, डोळा दुखत नव्हता ना! नंतर फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी, केली तर एका डोळ्याची बाजूची नजर जवळपास संपलेली.

ते १६ ड्रॉपमुळेच होतं, ड्रॉप थांबले की प्रेशर परत चढतं. शिवाय १० ते २१ हा सर्वसाधारण आकडा झाला, कित्येकांची नस त्याच्या आतही खराब होते, म्हणून प्रत्येकाचं टार्गेट डॉक्टर वेगळं ठरवतात. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात प्रेशर १ नी कमी झालं तरी आजार वाढायचा धोका साधारण १० टक्के घटलेला दिसला. म्हणजे ड्रॉपचा एकेक थेंब कामाचा आहे, पण नुसता प्रेशरचा आकडा बघून चालत नाही, नस आणि फील्डही वेळोवेळी बघावीच लागते. आणि डोळा लाल झाला की मेडिकलवरून स्टिरॉइडचे ड्रॉप आणून महिनोन्‌महिने टाकतात ते तर आधी बंद व्हायला पाहिजे, त्यानी प्रेशर वाढतं.

अजून एक, रात्री टाकायचे काही ड्रॉप न फोडलेले असतील तर फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि बाटली खिडकीत पडलेली असते.

शिबिरवाल्यांना विनंती, चाळिशीच्या पुढच्यांचं आणि काचबिंदूवाल्यांच्या सख्ख्या भावाबहिणींचं, मुलांचं प्रेशर आणि नस दोन्ही बघा. आणि साहेब, जळगाव, धुळे, नंदुरबारला फील्ड टेस्ट कुठे होते, कोणत्या वारी होते, हे तुमच्या पेपरात दर महिन्याला छापा.

एक वाचक, यावल