गोठ्याचं किचन आणि दिवेलागणीला जाणारी लाईट

भावा,

परवा फोनवर तू म्हणालास मागच्या पडवीचं किचन करतोय, ग्रॅनाइट ठरलं, टाइल्स ठरल्या, आणि लाईटचं काय, दोन पॉइंट वाढवले की झालं. तेव्हाच बोलणार होतो पण तुझ्या मागं फरशीवाला ओरडत होता, म्हणून आता सविस्तर लिहितोय. फरशी बसायच्या आत वाच म्हणजे झालं.

आमचा मागचा गोठा तुला आठवत असेल, आजोबांच्या म्हशी होत्या तो. म्हशी गेल्यावर तिथं नुसतं जळण आणि भंगार पडलेलं, धाकट्याचं लग्न झाल्यावर ठरलं की किचन तिकडं न्यायचं. गोठ्यात लाईट म्हणजे माजघरातून खिळ्यांवरनं ओढलेली एक जोडवायर आणि टोकाला होल्डर, बास. अर्थिंगचा पत्ता नाही. घरातली पट्टी फिटिंगची वायर तर इतकी जुनी की हात लावला की वरचं रबर भुगा होऊन पडायचं. मेनला किटकॅट फ्यूज, आणि त्यात कुणीतरी फ्यूज वायरऐवजी तांब्याची जाड तार दुहेरी पिळून घातलेली, म्हणजे घर पेटलं असतं तरी फ्यूज शाबूत!

सगळ्यात आधी कागदावर बेरीज केली. इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १३००, मिक्सर ७५०, फ्रिज २०० धर, सिंकखालचा इन्स्टंट गिझर ३०००. झाले ७२५०, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साडेएकतीस अँपिअर. एरवी सगळं एकदम चालत नाही, पण रविवारी आमच्यात मटण असतंय, वाटण मिक्सरला, पांढरा रस्सा इंडक्शनवर, आणि त्यातच कुणीतरी भांड्यांसाठी गिझर लावतंय. मंजूर लोड किती होता, तर २ किलोवॅट! मग महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज, त्याला परवानावाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट. हे काम तू आधी कर, शेवटाला ठेवू नकोस.

मीटरपासून डीबीपर्यंत, म्हणजे सगळे सर्किट स्विच बसतात त्या पेटीपर्यंत, सहा स्क्वेअरची (सहा चौरस मिलिमीटर जाडीची) वायर चालली असती, पण अंतर बरंच आहे म्हणून दहाची ओढली. गिझरला चारची स्वतंत्र, इंडक्शनला चारची स्वतंत्र, बाकी पॉवर प्लगना अडीच आणि लाईट-फॅनला दीड. प्रत्येकाला वेगळा एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच. आणि एमसीबी सारखा पडतोय म्हणून कुणी १६ चा काढून ३२ चा बसवूया म्हणाला तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव. एमसीबी वायरच्या मापानं बसवायचा असतोय, तो वायर जळू देत नाही एवढंच. माणसाला शॉक बसला तर त्याला पत्ता पण लागत नाही, कारण माणसातून जाणारा करंट त्याच्या हिशोबात किरकोळ असतोय. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पाहिजे, म्हणजे तेवढा करंट वाटेत गळाला की लाईट तोडणारा स्विच.

आता त्या आरसीसीबीची गंमत ऐक. बसवला, सगळं चालू, सगळे खूश. संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावायला गेली, देवघरातला बल्ब लावला, आणि किचन अंधारात! बल्ब बंद करून आरसीसीबी वर केला की सगळं नीट चालतंय, परत बल्ब लावला की परत खट्. वायरमन म्हणाला ही आरसीसीबीच खराब आहे, ती काढून डायरेक्ट जोडून देतो. मी म्हटलं थांब. आरसीसीबी बघतो एवढंच, की त्याच्यातून फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला का. देवघराचा फेज होता जुन्या मेनवरनं, आणि त्याचा न्यूट्रल माजघरातल्या एका जुन्या लाकडी बोर्डात नव्या किचनच्या न्यूट्रलला पिळून टाकलेला. म्हणजे बल्बचा करंट आरसीसीबीतनं जातच नव्हता, परत मात्र तिथनं येत होता. ४० वॅटचा बल्ब म्हणजे साधारण १७० मिलिअँपिअर, तो ३० ला पडणारच की! बोर्ड उघडून ते दोन न्यूट्रल वेगळे केले आणि विषय संपला. त्यानं डायरेक्ट केलं असतं तर आज ओल्या फरशीवर बायका अनवाणी मिक्सर लावत असत्या, शॉकपासून कसलंच संरक्षण नसताना. फ्रिजला मात्र वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) दे, नाहीतर गावाला गेल्यावर दुसऱ्याच कशानं ट्रिप व्हायचं आणि फ्रिजमधलं सगळं नासायचं. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघत जा, ते शोभेला नसतंय.

अर्थिंग नवीनच केलं. खड्डा मारला जुन्या उकिरड्याच्या जागेवर, तिथली माती कायम ओलसर, कोळसा-मीठ घालून. अर्थ टेस्टरवर दोन ओहमच्या आत आलं (जितकं कमी तितकं चांगलं), म्हशींची शेवटची कृपा म्हणायची.

आमच्या भिंती दोन फुटी दगडमातीच्या, झिरी मारायला गेलं की हातभर ढेकूळ खाली येतंय, म्हणून भिंतीच्या आतलं कन्सील्ड सोडून सरळ भिंतीवरनं ओपन पाइप फिटिंग केलं. वहिनीला आवडलं नाही, मला आवडलंय. तुझी भिंत विटांची आहे, खुशाल झिरी मार, पण उभी नाहीतर आडवी, तिरकी अजिबात नको, आणि गिलाव्याआधी टेप धरून फोटो काढून ठेव. नंतर चिमणीसाठी ड्रिल मारताना कळेल कशाला म्हणालो ते. सिंकपासून प्लग लांब ठेव. सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या कप्प्यात स्विच, प्लग काही नको, गॅस हवेपेक्षा जड, लीक झाला की खालीच साठतोय. डीबी आम्ही जिन्याच्या वरच्या अंगाला घेतला, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यावर पंचगंगेच्या बाजूच्या पेठेत राहून खाली डीबी लावायची माझी तरी हिंमत नाही. तुझ्याकडं पुराचं टेन्शन नाही, पण पडवीला ओल येते ना? मग डीबी आतल्या कोरड्या भिंतीवर घे, आणि त्यात दोन जागा मोकळ्या सोड, बायको ओव्हन घेणार म्हणतेय असं तूच मागं बोललास.

आता काम कर, मीटर आणि मेन स्विचचा फोटो पाठव, आणि काय काय चालवणार त्याची वॅटसकट यादी. फरशीवाल्याला चार दिवस थांब म्हण. शिव्या घालेल, घालू दे.

तुझाच,
पेठेतला